नाटकातला बातमीदार आणि बातमीतला माणूस

मोहगावातील कवेलूच्या छपरांवर दूरदर्शनच्या अँटेना पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा त्या सर्वांचे तोंड दक्षिणेकडे, म्हणजे नागपूरकडे असे. राज्य मध्य प्रदेश, राजधानी भोपाळ, कचेरीची भाषा हिंदी. अँटेना मात्र नागपूरकडे वळवलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर आपली राजधानी असलेले नागपूर आपल्यापासून वेगळे झाले. सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यातील मराठी घराणी, ज्यांतली कित्येक नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे स्थिरावली आहेत, ती होती तेथेच राहिली. वारा सुटला की अँटेना फिरे, पडद्यावर मुंग्या दिसू लागत आणि घरातला एखादा पोरगा छपरावर चढून ती पुन्हा नागपूरकडे वळवून देई. मराठी ऐकावयाची तर तेवढे कष्ट घ्यावेच लागत.

त्या पडद्यावर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘दामिनी’ अवतरली. मुंबई दूरदर्शनची ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. कांचन अधिकारी यांची निर्मिती, प्रतीक्षा लोणकर यांची मुख्य भूमिका, आणि नायिका एक निर्भीड स्त्री पत्रकार. आमच्या घरीच काय, सगळ्या आळीत त्या वेळी कामे थांबत. आपल्या मुलीबाळींना शिक्षिका आणि परिचारिका यांखेरीज नोकरी करणारी तिसरी स्त्री प्रथम दिसली ती बहुधा ‘दामिनी’च्या रूपाने. दामिनीला सत्य सापडे, ती ते निर्भयपणे मांडी, आणि दुर्जनांचे आसन डळमळू लागे. ते पाहताना आम्हां सरकारी नोकरांनाही आपण दामिनीच्या बाजूचे आहोत असेच वाटे. खरी दामिनी आमच्या कचेरीत येती तर आम्ही तिला बाहेरच्या बाकावर किती वेळ बसवून ठेवले असते, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

नाटकातला बातमीदार आणि प्रत्यक्षातली, विशेषतः ध्वनिचित्रवाणीवरची, बातमीदारी यांत अंतर किती, ते का पडते, आणि त्या अंतराशी आपल्यासारख्या दोन राज्यांच्या सीमेवरील माणसांचा संबंध काय, याचा थोडा ऐतिहासिक धांडोळा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे नमूद केले पाहिजे की मराठीने बातमीदाराचे केवळ गोडवे गाइले नाहीत. ‘दामिनी’च्या कितीतरी आधी, १९७९ साली, जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट आला. त्याचा आधार अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला दिगू टिपणीस हा पत्रकार निळू फुले यांनी उभा केला. दिगूला सगळे ठाऊक असते. कोण कोणाच्या घरी रात्री गेला, कोणता गट कोठे झुकला, सारे त्याला कळते; परंतु त्या कळण्याने काहीही बदलत नाही, आणि अखेरीस त्याच्या वाट्याला वेड्यासारखे हसणे तेवढे उरते. अरुण साधू हे स्वतः मुरलेले पत्रकार, आणि जन्माने आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचे. वृत्तपत्राची कचेरी आतून पाहिलेल्या माणसाने दिगू लिहिला आहे, म्हणून तो खरा वाटतो.

दुसरे उदाहरण तेंडुलकरांच्याच ‘कमला’ या नाटकाचे. १९८१ साली अश्विनी सरीन या इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने, स्त्रियांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी, आपल्याच मध्य प्रदेशातील शिवपुरीकडील एक स्त्री पैसे मोजून विकत घेतली आणि ती हकीकत प्रसिद्ध केली. देश हादरला. तेंडुलकरांनी या घटनेवरून नाटक रचले, पण पराक्रमाचे नव्हे. त्यांचा जयसिंग जाधव विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो; आणि घरात तीच कमला जयसिंगच्या पत्नीला, सरिताला, तिला किती रुपयांना विकत घेतले असे निरागसपणे विचारते. सत्य उजेडात आणणारा माणूस ज्याच्याविषयी ते सत्य आहे त्या माणसाला वस्तूसारखा वापरतो की काय, हा प्रश्न मराठी रंगभूमीने तेव्हाच विचारून ठेवला होता. मध्य प्रदेशातल्या एका निनावी स्त्रीचे दुःख दिल्लीची बातमी झाले, मुंबईचे नाटक झाले, पुढे हिंदी चित्रपटही झाले. तिच्या गावाला यातून काय मिळाले?

आता प्रत्यक्षाकडे वळू. दिल्लीत दूरदर्शनचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. मुंबई केंद्रावरील ‘बातम्या’ हा मराठी घरांचा सायंकाळचा नेमच झाला. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांनी तेथे बातम्या वाचल्या. उच्चार स्वच्छ, मुद्रा संयत, आवाजात चढउतार नाही. प्रदीप भिडे २०२२ साली गेले तेव्हा आमच्या पिढीतील अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. परंतु हेही खरे की ती मंडळी बातम्या वाचीत असत. काय वाचावयाचे हे सरकारी यंत्रणा ठरवी.

त्याचा प्रत्यय आणीबाणीत आला. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारचे कर्णे झाले. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा होती, त्या संध्याकाळी लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला, ही हकीकत आता इतिहासात जमा आहे. मनोरंजनाने बातमीची जागा घेण्याचा हा प्रकार खाजगी वाहिन्या जन्माला येण्याच्या पंधरा वर्षे आधीचा आहे, हे आजच्या वाहिन्यांना नावे ठेवताना आपण विसरू नये. पुढे जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७८ मध्ये स्वायत्ततेची शिफारस केली. कायदा १९९० मध्ये झाला आणि प्रसार भारती अस्तित्वात आली ती १९९७ मध्ये. शिफारशीपासून अंमलापर्यंत एकोणीस वर्षे! सरकारी फायलीचा वेग आम्हांस परिचित आहे, तरीही हा आकडा थोडा फारच झाला.

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नव्हे आणि कोणा धनिकाचीही नव्हे. या निर्णयातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. पुढे तेच भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. खाजगी वाहिन्यांना जी मोकळीक लाभली, तिच्या पायाशी एका मराठी न्यायाधीशाची लेखणी आहे. १९९५ च्या या निर्णयाची आणखी एक बाजू पुढे २००८ साली उघड झाली. तिच्याकडे आम्ही लवकरच येतो.

नाटकातला बातमीदार नेहमी बरोबर का ठरतो, याचे एक साधे कारण आहे. अमेरिकेत आरन सॉर्किन यांची ‘द न्यूजरूम’ ही मालिका २०१२ ते २०१४ या काळात दाखविली गेली. तिच्या पहिल्याच भागात मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरीच्या स्फोटाची बातमी नायकाची मंडळी क्षणात ओळखतात, कोणती कंपनी दोषी हेही त्यांना त्याच संध्याकाळी उमगते. खरा स्फोट २० एप्रिल २०१० चा; मालिकेचा भाग जून २०१२ चा. लेखकाजवळ दोन वर्षांची चौकशी तयार होती! त्याच मालिकेत ८ जानेवारी २०११ च्या प्रसंगाचे चित्रण आहे. गॅब्रिएल गिफर्ड्स या लोकप्रतिनिधी स्त्रीवर गोळीबार झाला, आणि त्यांचा मृत्यू झाल्याचे वृत्त प्रत्यक्षात मोठमोठ्या संस्थांनी देऊन टाकले. त्या जिवंत होत्या. मालिकेतील मंडळी तेवढी थांबतात. निकाल ठाऊक असताना धीर धरणे सोपे असते. खऱ्या वृत्तकक्षात निकाल कोणालाच ठाऊक नसतो आणि शेजारच्या वाहिनीने बातमी दिलेली असते.

आपल्याकडे २००७-०८ च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या आणि त्याच सुमारास कसोटीही आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर आहेत, हे वाहिन्यांनी थेट दाखविले. हल्लेखोरांचे सूत्रधार परदेशात बसून तेच पाहत होते. कसाबच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ साली नियम बदलून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी करण्यात आली. यातले बहुतेक बातमीदार दुष्ट नव्हते. कित्येक जण जीव धोक्यात घालून तेथे उभे होते. नाटकात धैर्य असले की शहाणपण आपोआप येते. प्रत्यक्षात ही दोन निराळी माणसे असू शकतात.

आणि त्याच वर्षाची दुसरी घटना. १० सप्टेंबर २००८ रोजी एका इंग्रजी वृत्तवाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींच्या नावाशी दुसऱ्याच न्यायमूर्तींचे छायाचित्र दाखविले. ते छायाचित्र होते पी. बी. सावंत यांचे! नावातील साधर्म्यामुळे झालेली चूक. अवधी सुमारे पंधरा सेकंदांचा. छायाचित्र थांबविण्यात आले, पण क्षमायाचना यावयास दिवस लागले, तीही सावंतांनी विचारणा केल्यानंतर. सावंत न्यायालयात गेले. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई ठरविली. अपिलासाठी २० कोटी जमा करावे आणि ८० कोटींची बँक हमी द्यावी अशी अट उच्च न्यायालयाने घातली. ही रक्कम योग्य की अयोग्य, याबद्दल जाणकारांत मतभेद झाले; एवढ्या दंडाने लहान वाहिनी बुडेल ही भीतीही खोटी नव्हे. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. ज्या माणसाने लहरी जनतेच्या आहेत असे लिहिले, त्यालाही आपली चूक दुरुस्त करून घेण्यास न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मग ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्या मोहगावच्या माणसाने काय करावे?

आपल्या राज्याने तर याहून दारुण उदाहरण पाहिले आहे. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ साली ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्यापासून शहराला असलेल्या धोक्याविषयी लिहिले, पुन्हा लिहिले, आणि १९८४ च्या जूनमध्ये मोठ्या हिंदी दैनिकातही लिहिले. कोणी दखल घेतली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला. केसवानी यांना पुढे पुरस्कार मिळाला, मानमान्यता मिळाली, नंतर त्यांनी वृत्तवाहिनीसाठीही काम केले; २०२१ मध्ये करोनोत्तर आजाराने ते गेले. त्यांच्यावरून बेतलेले पत्रकाराचे पात्र २०१४ च्या एका चित्रपटात आणि २०२३ च्या ‘द रेल्वे मेन’ या मालिकेत आले. नाटकाला अशी माणसे उशिरा का होईना सापडतात. पण नाटकात बातमी छापून आली की दोषी गडबडतात; भोपाळात बातमी छापून आली आणि दोन वर्षे काहीच झाले नाही. सत्य सांगणे आणि सत्य ऐकले जाणे यांमधली जी रिकामी जागा आहे, ती कोणत्याही मालिकेत दाखवीत नाहीत. कारण तेथे दाखविण्यासारखे काही घडतच नसते. त्या रिकाम्या जागेत आमच्यासारखे अधिकारी बसलेले असतात, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे.

जे निर्भय राहिले त्यांचे काय होते, हेही राज्याने पाहिले आहे. भिंड येथील संदीप शर्मा हे स्थानिक वाहिनीचे पत्रकार. वाळूचा अवैध उपसा आणि पोलीस यांच्या लागेबांध्यांविषयी त्यांनी गुप्त चित्रीकरण केले होते आणि आपल्या जिवाला धोका असल्याचे लेखी कळविले होते. २६ मार्च २०१८ रोजी दिवसाढवळ्या एका ट्रकने त्यांना चिरडले. सारा प्रसंग रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात आला आणि दोन दिवस वाहिन्यांवर फिरला. पुढे दुसरी बातमी आली.

येथे आपल्या मध्य प्रांतातील एका मराठी पूर्वजाचे स्मरण अस्थानी होणार नाही. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना पकडण्यात आले, आणि कुटुंबीयांच्या दडपणामुळे क्षमापत्रावर सही करून ते सुटले. दामिनीने अशी सही कधी केली नसती. सप्रे माणूस होते, त्यांनी केली, आणि त्या सहीचे शल्य उरात बाळगून सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले. पण नंतर त्याच माणसाने ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, तरुण लेखक घडविले. भोपाळचे वृत्तपत्र संग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. वाकलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, हे दाखविण्याची उसंत मालिकांना नसते. आम्हांला मात्र सप्रे यांचा हा सगळा प्रवास, त्या सहीसकट, अधिक धीर देतो.

आता आमच्या स्वतःच्या खात्यावरची एक नोंद. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ आणि मध्य प्रदेशात मोठी गारपीट झाली. तेव्हा आम्ही शेजारच्या एका जिल्ह्यात राजस्व विभागात होतो. संध्याकाळी एका वाहिनीच्या वार्ताहराचा फोन आला. बुलेटिनला थोडा वेळ उरला होता. त्याला बाधित गावांचा आकडा हवा होता. दोन-तीन पटवाऱ्यांकडून तोंडी जे कळले होते, त्यावरून आम्ही अंदाजाने एक आकडा सांगितला. ‘प्राथमिक’ हा शब्दही उच्चारला, असे आम्हांस स्मरते. रात्री पडद्याच्या तळाशी तो आकडा धावत होता. ‘प्राथमिक’ हा शब्द वाटेत गळला होता. पुढे पंचनामे झाले, गावे पुष्कळच कमी भरली. मग संत्रा आणि हरभरा झोडपला गेलेले शेतकरी कचेरीत आले. टीव्हीवर आमचे गाव होते, यादीतून कोणी कापले, असा त्यांचा प्रश्न. एक म्हातारा काही न बोलता बाकावर दिवसभर बसून होता. कोणी काही कापले नव्हते. पण हे त्यांना पटवून देण्याजोगे आमच्याकडे काहीही नव्हते. वाहिनीने दुरुस्ती दिली नाही. आणि आम्ही ती मागितलीही नाही, कारण मागावयाची तर आकडा आम्हीच दिला होता हे लेखी कबूल करावे लागले असते.

त्या वार्ताहराला आम्ही दोष देत नाही. तो तरुण होता, मानधनावर होता, आणि त्याच्या हाताखाली पाच तहसिली होत्या. नाटकात वृत्तकक्षात पंचवीस माणसे एका बातमीवर वाद घालतात. आपल्या भागात एक माणूस, एक मोटारसायकल आणि एक फोन. त्याला सांगणाऱ्याने खरे सांगितले तर बातमी खरी, एवढेच तिचे तंत्र. म्हणजे बातमीदारीचा अर्धा भाग बातमीदाराच्या हाती नसतोच. तो आम्हां-तुम्हांकडे असतो.

शेवटी आपल्या गावांविषयी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीत गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवतात, दोन्ही तीरांवरून दगड येतात, आणि माणसे जखमी होतात. काही वर्षी दगावलीही आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी करून पाहिली. त्या एका दिवशी भोपाळच्या आणि मुंबईच्या वाहिन्यांना आपला पत्ता सापडतो. जखमींचा आकडा, रक्ताळलेले कपाळ, नदीतला झेंडा. आणि मग वर्षभर शांतता. ही प्रथा थांबावी असे आमचे स्पष्ट मत आहे. वाहिन्यांनी ती दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु उरलेल्या ३६४ दिवसांत येथे संत्र्याचा भाव पडतो, मराठी शाळेत शिक्षक मिळत नाही, मोहगावच्या अर्धनारीश्वराला यात्रा भरते, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हाही होतो. मुंबईला हे परराज्य वाटते; भोपाळला ही परभाषा वाटते. दोन वृत्तकक्षांच्या मधल्या पट्टीत आपण राहतो.

‘दामिनी’ खोटी होती, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. खेड्यातल्या मुलीला पत्रकार व्हावेसे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि बातमीदार कसा असावा याची कल्पनाच नसेल तर तो कसा आहे हे मोजणार कशाने? आमची तक्रार एवढीच की अशा मालिका पाहून प्रेक्षक निवांत होतो. कोणीतरी दामिनी येईल आणि आपले सत्य सांगेल, असे त्याला वाटू लागते. येथे कोणी येत नाही, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने आपल्याला ठाऊक झाले आहे.

तेव्हा दोन साध्या सूचना करून थांबतो. आपल्या गावाविषयी चुकीची बातमी दिसली तर तारीख, वेळ आणि चूक नोंदवून वाहिनीला लेखी कळवावे. वृत्तवाहिन्यांनी २००८ मध्ये स्वतःहून तक्रार-निवारण मंडळ नेमले, त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आपल्याच राज्यातील सतन्याचे होते. सभासद वाहिन्यांविरुद्ध तेथे दाद मागता येते. आणि दुसरी सूचना अशी की कोणा वार्ताहराचा फोन आला आणि आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही, उद्या सांगतो’ असे म्हणावे. २०१४ च्या त्या संध्याकाळी आम्हांला एवढे एक वाक्य सुचले असते, तर तो म्हातारा दिवसभर आमच्या बाकावर बसला नसता.